क्वांटम चेस पहिल्यांदा खेळताय? आधी पटाला प्रश्न कधी विचारायचा ते शिका

साधं बुद्धिबळ येतंय, म्हणजे घोडा अडीच घरं कसा उडतो, उंट तिरका जातो, किल्लेकोट कधी करता येतो एवढं माहितीये, आणि कुठेतरी "एकच घोडा एकाच वेळी दोन घरांत" असं काहीतरी ऐकून डोकं खाजवत बसलायत, तर हे तुमच्यासाठीच लिहितोय. क्वांटम फिजिक्सचं पुस्तक कधी उघडलं नसेल तरी चालेल. गणित पाव-अर्धा-पाऊण आणि घड्याळाचा काटा कसा फिरतो एवढंच लागणारे.

आधी माझी चूक सांगतो म्हणजे तुमचा वेळ वाचेल. सुरुवातीचे कितीतरी डाव मी धडाधड हरलो, का तर ५० टक्के घोडा म्हणजे अर्ध्या किमतीचा घोडा असं धरून खेळत होतो, दोन अर्धे घोडे, चार पाव घोडे, सगळ्या पटावर पसरवून ठेवायचे आणि मग मारायची वेळ आली की एकही जागेवर नाही. सगळ्या बोर्डावर धुकं आणि हातात शून्य. डोक्यात प्रकाश पडला तो एका साध्या सवयीने. प्रत्येक चालीआधी स्वतःला विचारायचं, की या चालीसाठी पटाला काही प्रश्न विचारावा लागणार आहे का? तो प्रश्न म्हणजेच मेजरमेंट, आणि बाकीचा खेळ त्याच्याभोवती फिरतो.

पायरी शून्य: कुठला क्वांटम चेस?

हे आधी क्लिअर करा कारण या नावाखाली निदान दोन अगदी वेगळे खेळ आहेत आणि लोक दोघांचे नियम एकत्र करून भांडत बसतात.

पहिला २०१० चा, कॅनडातल्या क्वीन्स युनिव्हर्सिटीतले कॉम्प्युटर सायन्सचे प्रोफेसर सेलिम अकल यांची कल्पना, आणि अ‍ॅलिस विसमथ या तिथल्याच विद्यार्थिनीने त्याचा प्रोग्राम लिहिला. यात सोंगटी कुठल्या घरात आहे हे पक्कं असतं, पण ती नेमकी कोण आहे हे पक्कं नसतं. राजा सोडून बाकी प्रत्येक सोंगटीच्या दोन ओळखी, समजा हत्ती आणि प्यादं. हात लावलात की त्यातली एक ओळख ठरते आणि मग त्याप्रमाणे चालायचं. हत्ती म्हणून उचललेली सोंगटी प्यादं निघाली आणि त्या प्याद्याला हलायला जागाच नसेल तर तुमची पाळी गेली. चालून काळ्या घरावर उतरली की पुन्हा दोन्ही ओळखी परत, पांढऱ्या घरावर उतरली की जी ठरलीये तीच राहते. हात लावला की चाल करावीच लागते हा नियम साध्या बुद्धिबळातही आहेच, इथे त्याला एकदम नवाच अर्थ येतो, मला ते जाम आवडलं.

दुसरा ख्रिस कँटवेल यांचा, ते तेव्हा युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात होते. यात उलट. सोंगटी कोण आहे ते पक्कं, पण कुठे आहे ते नाही. जानेवारी २०१६ मध्ये कॅलटेकच्या एका कार्यक्रमात एक छोटी फिल्म दाखवली होती, तिच्यात अ‍ॅक्टर पॉल रड आणि स्टीफन हॉकिंग एकमेकांविरुद्ध हाच खेळ खेळतात, त्यानंतर तो खूप जणांना माहीत झाला. पुढे तो स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेम्सच्या ऑनलाइन दुकानात, आला आणि डिसेंबर २०२० मध्ये त्याची ऑनलाइन स्पर्धासुद्धा झाली.

पहिला खेळ मजेचा आहे पण त्यात नशिबाचा वाटा फार, आणि खऱ्या क्वांटम फिजिक्समधली सगळ्यात भारी गोष्ट, म्हणजे इंटरफिअरन्स (ते काय ते पाचव्या पायरीत), त्यात जवळपास दिसतच नाही. म्हणून इथून पुढे सगळं कँटवेलच्या खेळाबद्दल.

पहिली पायरी: शह विसरा

खरंच विसरा. इथे शह नाही, मात नाही. राजा मारला की जिंकलात, आणि मारला म्हणजे पूर्ण मारला, पटावर कुठेही त्याची थोडीशीही शक्यता शिल्लक असेल तर डाव चालू. कारण उघड आहे, समोरचा हत्ती ३० टक्केच तिथे असेल तर राजाला शह आहे म्हणायचं की नाही? उत्तरच नाही, म्हणून ती भानगडच काढून टाकली.

याचा प्रॅक्टिकल परिणाम असा की तुमचा राजा धोक्यात आहे हे कुणी सांगणार नाही. रोजच्या बुद्धिबळाच्या अ‍ॅपमध्ये शह बसला की ते बाकी चाली करूच देत नाही, आपल्याला त्याची इतकी सवय असते की इथे पहिल्या काही डावांत राजा असाच तोंडात दिला जातो. प्रत्येक चालीआधी एकदा राजाकडे बघायचं, बस.

दुसरी पायरी: स्प्लिट

नेहमीच्या चालीशिवाय इथे दोन नव्या चाली आहेत. पहिली स्प्लिट. सोंगटी एका घरातून एकाच चालीत दोन घरांना जाते. बी१ चा घोडा ए३ आणि सी३ दोन्हीकडे (पांढऱ्याच्या डावीकडून उभ्या ओळी ए ते एच, त्याच्या बाजूने आडव्या ओळी १ ते ८). लिहायची पद्धत साधारण अशी असते, बी१^ए३सी३. आता ए३ ला ५० टक्के, सी३ ला ५० टक्के.

अटी थोड्याच. दोन्ही घरं रिकामी हवीत (किंवा तिथे त्याच सोंगटीचा दुसरा भाग असला तरी चालतं), स्प्लिट करताना मारता येत नाही, आणि प्याद्यांना स्प्लिट नाही. बाकी राजासकट सगळ्यांना आहे.

आता इथेच तो माझा घोळ. दोन घरांत दिसतोय म्हणून दोन घोडे झाले नाहीत. क्वांटम स्टेटची हुबेहूब कॉपी काढताच येत नाही असा एक सिद्धांत आहे, १९८२ मध्ये सिद्ध झालेला, आणि खेळ तो पाळतो. घोडा एकच आहे. मग काय झालं? सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे एक वही घ्या आणि मनात दोन पूर्ण पट मांडा. पट क्रमांक एक, घोडा ए३ वर. पट क्रमांक दोन, घोडा सी३ वर. बाकी सगळं सारखं. दोन्ही पट एकाच वेळी चालू आहेत आणि तुम्ही केलेली प्रत्येक चाल दोन्ही पटांवर एकदम होते. स्क्रीनवर दिसतात ते टक्के म्हणजे या सगळ्या पटांची बेरीज. टक्के बघून खेळणारा हरतो, पट बघून खेळणारा टिकतो. मला तरी असाच अनुभव आहे.

परत स्प्लिट केलं तर? ए३ वरच्या भागाला बी५ आणि सी४ वर पाठवा. आता तीन पट, सी३ वाला ५० टक्क्यांचा, बी५ वाला २५ चा आणि सी४ वाला २५ चा.

तिसरी पायरी: पटाला प्रश्न कधी विचारला जातो

आता मेन मुद्दा. वरचाच घोडा धरा, बी५ वर २५ टक्के. तिथून सी७ वरचं काळं प्यादं मारायचंय. आता खेळाला ठरवावंच लागणार की बी५ वर घोडा खरंच आहे की नाही, म्हणून तो फासा टाकतो. चारातल्या एका वेळी उत्तर "आहे" येतं, घोडा सी७ वर जातो, प्यादं मेलं, आणि सी३-सी४ वरचे भाग गायब, घोडा आता शंभर टक्के सी७ वर. (डी८ चा वजीर लगेच त्याला मारेल ते सोडा.) चारातल्या तीन वेळा उत्तर "नाही". चाल फुकट, पाळी गेली, आणि बी५ वाला पट वहीतून खोडायचा. उरलेल्या दोन पटांचं प्रमाण दोनास एक होतं ते तसंच राहतं, म्हणून सी३ वर आता जवळपास ६७ टक्के आणि सी४ वर ३३. लक्षात घ्या, "नाही" हे उत्तरही माहिती देतं आणि शक्यता बदलतं. मेजरमेंट म्हणजे नुसतं नशीब आजमावणं नव्हे, पाळी खर्च करून माहिती विकत घेणं आहे ते.

प्रश्न कधी विचारला जातो याचे नियम तोंडपाठ करायची गरज नाही, एका नियमातून सगळे निघतात. एका घरात दोन वेगवेगळ्या सोंगट्या "कदाचित" असू शकत नाहीत. म्हणजे एफ३ वर कदाचित घोडा कदाचित उंट, असं कधीच चालत नाही, घर एकतर रिकामं किंवा अमुकच सोंगटीचं. मुळात हा खेळ पटाच्या ६४ घरांना ६४ क्युबिट (क्वांटम कॉम्प्युटरमधला माहितीचा सगळ्यात छोटा तुकडा) समजतो, प्रत्येक क्युबिट म्हणजे "भरलेलं की रिकामं", कोण भरलंय ते वेगळं साध्या पद्धतीने लिहून ठेवतात, आणि हा नियम मोडला तर तो हिशोबच कोलमडेल.

यातून काय निघतं ते बघा. तुमचाच घोडा एफ३ वर ५० टक्के आहे आणि तुम्ही उंट एफ३ वर न्यायला गेलात, तर आधी एफ३ तपासलं जाणार. घोडा सापडला तर उंट जागेवरच आणि पाळी गेली. रिकामं निघालं तर उंट पोचला, घोडा दुसऱ्या घरी पक्का.

मारताना मात्र एक गंमत आहे आणि नवीन लोक इथे हमखास अडखळतात. मारणारा शंभर टक्के जागेवर असेल, घोड्यासारखा उडी मारून जाणारा असेल आणि मार खाणारा "कदाचित" असेल तर प्रश्न विचारला जात नाही! मारणारा त्या घरात जातोच. ज्या पटात समोरचा तिथे होता त्यात तो मेला, ज्यात नव्हता त्यात तो दुसरीकडे जिवंत. म्हणजे सोंगटी अर्धी मेलेली, पेटीतलं ते प्रसिद्ध मांजर, श्रोडिंगरने १९३५ मध्ये मांडलेलं, ते इथे पटावर फिरतं. उलट मारणारा स्वतःच "कदाचित" असेल तर मेजरमेंट होणारच. हत्ती-उंट-वजीर लांबून मारत असतील तर वाटेतली घरं पण त्या प्रश्नात येतात. आणि प्यादं तिरकं फक्त मारायलाच जाऊ शकतं, रिकाम्या घरात तिरकं जाऊ शकत नाही, म्हणून प्याद्याने मारताना समोरचा खरंच आहे का हे तपासावंच लागतं.

शंभर टक्के जागेवर असलेल्या घोड्याने मारलं तर प्रश्न नाही, प्याद्याने मारलं तर प्रश्न. हे एवढं डोक्यात बसलं तरी समोरच्या नवख्यापेक्षा तुम्ही पुढे आहात.

चौथी पायरी: एंटँगलमेंट, एका डावावरून

ही पायरी सावकाश वाचा, शक्यतो समोर पट मांडून. डाव असा धरा. पांढरा ई४, काळा ई५. मग पांढऱ्याने जी१ च्या घोड्याला स्प्लिट केलं, एफ३ आणि एच३ वर. काळ्याने काहीतरी बिनमहत्त्वाची चाल केली, समजा ए६.

आता पांढरा वजीर डी१ वरून एच५ ला निघतो. वाट ई२, एफ३, जी४, एच५. ई२ रिकामं आहे कारण प्यादं ई४ ला गेलंय. पण एफ३ वर अर्धा घोडा! साध्या बुद्धिबळात ही चाल एकतर होते किंवा होत नाही. इथे चाल होते आणि प्रश्नही विचारला जात नाही, कारण एच५ रिकामं आहे, तिथे कुणाशी टक्कर नाही. मग वही काढा. ज्या पटात घोडा एफ३ वर होता त्यात वाट अडली, वजीर डी१ वरच. ज्यात घोडा एच३ वर होता त्यात वजीर एच५ वर. दोनच पट.

वजीर डी१ वर ५० आणि एच५ वर ५०, घोडा एफ३ वर ५० आणि एच३ वर ५०, नुसते टक्के बघितले तर चार शक्यता वाटतात, पण "घोडा एफ३ आणि वजीर एच५" असा पट वहीत कुठे नाहीच. दोघांचं नशीब एकमेकांत अडकलं. हीच एंटँगलमेंट, हा शब्दही श्रोडिंगरनेच १९३५ मध्ये वापरात आणला.

पुढे काळ्याने घाबरून जी६ केलं, वजिरावर प्यादं सोडलं. पांढरा एच५ वरून ई५ चं प्यादं मारतो. मारणारा "कदाचित" आहे, प्रश्न आला, वजीर एच५ वर आहे का? हो आलं तर वजीर ई५ वर, तिथून समोर ई८ चा राजा (मधली ई७, ई६ रिकामी) आणि तिरका एच८ चा हत्ती (जी७ चं प्यादं पुढे गेलंय ना), दोघांवर एकदम नेम. शिवाय आपोआप कळलं की घोडा एच३ वर आहे, त्याला हातही न लावता. नाही आलं तर? वजीर घरी डी१ वर सुखरूप, घोडा एफ३ वर पक्का आणि तो ई५ वर डोळा ठेवून बसलाय. पाळी गेली एवढंच नुकसान. दोन्हीकडून पांढऱ्याला चांगलं, म्हणून हा प्रश्न विचारण्यासारखा होता. प्रश्न विचारायच्या आधी "नाही आलं तर मी कुठे आहे" हे बघायचं ते असं.

आता काळ्याच्या बाजूने. जी६ ऐवजी त्याने जी८ चा घोडा एफ६ ला आणला असता आणि पांढऱ्याने लक्ष न देता दुसरंच काही खेळलं असतं, तर पुढच्या चालीला घोडा एच५ वर मारणार, प्रश्न न विचारता. पांढऱ्याचा वजीर एका पटात डी१ वर जिवंत, दुसऱ्यात मेलेला. अर्धमेला वजीर घेऊन खेळणं किती त्रासाचं असतं ते स्वतः अनुभवल्याशिवाय कळत नाही, प्रत्येक वेळी तो मारायला निघाला की आधी तपासणी, आणि अर्ध्या वेळा तो नसतोच.

प्यादी स्प्लिट होत नाहीत म्हटलं खरं, पण या मार्गाने तीही अडकतात. एफ३ वर अर्धा घोडा असताना एफ२ चं प्यादं दोन घरं पुढे सरकवलं तर ते अर्धं एफ२ वर अर्धं एफ४ वर.

पाचवी पायरी: मर्ज, आणि इथेच खरं क्वांटम आहे

खरं सांगायचं तर इथपर्यंत जे काही झालं ते "घोडा लपवून ठेवलाय, कुठे ते माहीत नाही" असं म्हणूनही जवळपास समजावता आलं असतं. नाणं टाकून पालथ्या वाटीखाली ठेवल्यासारखं. मर्ज आलं की ते स्पष्टीकरण फाटतं.

मर्ज म्हणजे दोन घरांतले भाग एका घरात आणणं. ए३ आणि सी३ वरचा घोडा, दोन्हीकडून बी५ ला जाता येतं, तर ए३सी३^बी५. स्प्लिटनंतर लगेच असं केलं तर घोडा बी५ वर शंभर टक्के. दोन चालींत घोडा बी१ वरून बी५ ला पोचला आणि मधल्या वेळात समोरच्याला नीट नेमही धरता आला नाही.

पण समजा स्प्लिट केल्यावर सी३ वरचा भाग तुम्ही साध्या चालीने डी५ ला नेला आणि पुढच्या चालीला परत सी३ वर आणला. पट बघा, काहीच बदललं नाही, ए३ वर ५०, सी३ वर ५०. आता मर्ज करा बी५ वर. बी५ वर घोडा किती टक्के? शून्य! अजिबात नाही. सगळा घोडा निघाला त्या दोन घरांपैकीच एका घरात राहतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं गेममध्ये बग आहे.

बग नाही. प्रत्येक पटाला टक्क्यांशिवाय एक काटा पण असतो, घड्याळासारखा, फिजिक्सवाले त्याला फेज म्हणतात. कँटवेलच्या नियमांत साधी चाल केली की ज्या पटात ती सोंगटी हलली त्या पटाचा काटा पाव चक्कर फिरतो. (क्वांटम कॉम्प्युटिंगमध्ये आयस्वॅप नावाचं गेट, म्हणजे क्युबिटवर करायची एक ठरलेली क्रिया, आहे, चाल म्हणजे तेच गेट दोन घरांवर लावायचं.) स्प्लिटमध्ये दोन्ही भागांचा काटा सारखाच फिरतो म्हणून ते जुळलेले राहतात. सी३ वाला भाग डी५ ला जाऊन आला म्हणजे दोन चाली, दोनदा पाव म्हणजे अर्धी चक्कर, त्याचा काटा आता ए३ वाल्याच्या बरोबर उलट दिशेला. मर्ज करताना हे काटे एकमेकांना जोडले जातात. एकाच दिशेला असले तर भर पडते, उलटे असले तर खोडले जातात. भर पडणं आणि खोडलं जाणं, हेच इंटरफिअरन्स, दोन फटींतून प्रकाश सोडला की पडद्यावर उजळ आणि काळे पट्टे येतात तेही असंच होतं. टक्के काढायचे ते काट्याच्या लांबीचा वर्ग करून, हा नियम मॅक्स बॉर्नने १९२६ मध्ये दिला.

घोड्याऐवजी हत्ती किंवा वजीर असता आणि एकच जास्तीची चाल केली असती तर? काटे काटकोनात, धड जुळत नाहीत धड खोडत नाहीत, मर्ज अर्धवट, ५० टक्के नवीन घरात आणि ५० मागे. म्हणून नवख्यांसाठी सल्ला, स्प्लिट केलेल्या सोंगटीचा एकच भाग उगाच हलवत बसू नका, हलवलात तर किती वेळा ते लिहून ठेवा. चार वेळा हलला की काटा पुन्हा जागेवर.

आणि आता चौथ्या पायरीतला तो घोडा आठवा, एफ३ आणि एच३ वाला. दोन्हीकडून जी५ ला जाता येतं. वजीर हलायच्या आधी मर्ज केलं असतं तर जी५ वर शंभर टक्के. वजीर एच५ ला गेल्यावर मर्ज केलं तर फक्त ५०. काटे तर कुणी फिरवले नव्हते ना? फिरवले वजिराने, पण गंमत अशी की त्याने फरक पडत नाही, मुळात आता दोन पट वजिराच्या जागेमुळे वेगळे झालेत, एकात वजीर डी१, दुसऱ्यात एच५, आणि वेगळ्या पटांचे काटे एकमेकांना जोडताच येत नाहीत. घोडा कुठून आला हे वजिराला "माहीत" झालं, आणि कुणालाही माहीत झालं की इंटरफिअरन्स संपलं. फिजिक्समध्ये ही गोष्ट समजवायला लोक पानंच्या पानं लिहितात, इथे एका वजिराच्या चालीत दिसते.

सहावी पायरी: डावात हे वापरायचं कसं

राजा स्प्लिट करणं सगळ्यांना सुचतं आणि ते चांगलंही आहे, पण अगदी गळ्याशी आल्यावर, आधी नाही. राजाचे दोन भाग झाले की समोरच्याला दोन्ही संपवावे लागतात. पण राजा स्प्लिट असताना किल्लेकोटाचा विचार सोडा, आणि त्या अर्ध्या राजाने काही मारायला जाल तर तुमच्याच हाताने त्याचा पत्ता सगळ्यांना कळणार.

बचावातल्या सोंगट्या स्प्लिट करू नका. अर्धा रक्षक म्हणजे समोरच्याला अर्ध्या वेळा फुकट मार, आणि तो परत मारायला निघाला की तपासणी. हल्ला होतोय ती सोंगटी मात्र स्प्लिट करून पळवा, त्यातल्या त्यात प्यादी मारायला येत असतील तर फारच छान, कारण प्याद्यांना प्रश्न विचारावाच लागतो आणि अर्ध्या वेळा त्यांची पाळी वाया जाते. घोडे येत असतील तर स्प्लिटचा उपयोग कमी.

जास्त तुकडे करायचा मोह आवरा. चार पट डोक्यात राहतात, आठ वहीत राहतात, त्यानंतर मी तरी हरवतो.

घरी, साध्या पटावर

कॉम्प्युटरशिवाय खेळायचं असेल तर खेळता येतं, मर्ज सोडून द्यायचं फक्त, काट्यांचा हिशोब हाताने ठेवणं कठीण आहे. वहीत प्रत्येक पटासाठी एक ओळ, ओळीत फक्त जे वेगळं आहे ते लिहायचं (घो एफ३, व डी१ | घो एच३, व एच५ असं) आणि बाजूला टक्के. "कदाचित" सोंगटीच्या दोन्ही जागी काहीतरी ठेवा, एका जागी खरी सोंगटी आणि दुसऱ्या जागी बटण चालतं. मेजरमेंटला ५० टक्के असेल तर एक नाणं, २५ ला दोन नाणी आणि दोन्ही छापा आले तरच हो, ६७-३३ झालं तर फासा, एक-दोन पडलं तर ३३ वाला. उत्तर आलं की न जुळणाऱ्या ओळी लगेच खोडा, नंतर खोडू म्हणालात की भांडणं ठरलेली.

तेही जड वाटलं तर आधी क्वांटम फुली-गोळा खेळून बघा, अ‍ॅलन गॉफ यांनी शिकवण्यासाठीच बनवलेला. प्रत्येक पाळीला एक खूण दोन घरांत अर्धी-अर्धी टाकायची आणि बाजूला चालीचा नंबर लिहायचा. या जोड्यांची गोल साखळी पूर्ण झाली, म्हणजे घरांवरून फिरत परत पहिल्याच घराला आलो, की त्या सगळ्या खुणा पक्क्या करायच्या, आणि कुठल्या बाजूने पक्क्या करायच्या ते ज्याने साखळी पूर्ण केली त्याने नाही तर समोरच्याने ठरवायचं. कागद-पेन्सिलवर दहा मिनिटांत होतो आणि "अडकलेल्या" जोड्या बघायची नजर येते.

मग पट मांडून तो डी१-एच५ वाला डाव एकदा दोन्ही बाजूंनी खेळा, जी६ ऐवजी काळ्याने बी८ चा घोडा सी६ ला आणून ई५ राखलं असतं तर पांढऱ्याने तो प्रश्न विचारायला हवा होता का, ते वहीत दोन ओळी लिहून स्वतःच बघा.